मराठी जैन साहित्य : परंपरा आणि आपले उत्तरदायित्व

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आपण मला साहित्यासारख्या विषयावर बोलावयास बोलाविले, याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा ऋणी आहे. पन्नास वर्षांचा हिशेब मांडताना आपण मंदिर, धर्मशाळा, पाठशाळा यांचा उल्लेख अभिमानाने करतो. तो करावाच. परंतु समाजाची एक मिळकत अशीही असते, की जी कोणत्याही ताळेबंदात चढत नाही. ती म्हणजे त्याचे वाङ्मय. आज मी त्याच मिळकतीविषयी बोलणार आहे, आणि आरंभ एका कबुलीने करणार आहे.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वी आमचे जुने घर सोडताना आजोबांच्या लाकडी पेटीत एक पोथी सापडली. लाल कापडाचे वेष्टन, आत दोन लाकडी पाट्या आणि त्यांच्यामध्ये कसरीने खाल्लेली हातकागदाची पाने. जीर्ण शास्त्र घरात ठेवू नये, वाहत्या पाण्यात सोडावे, असा आमच्याकडे रिवाज होता. त्याप्रमाणे मी ती पोथी नदीत सोडली. सोडण्यापूर्वी वरची दोन-तीन पाने मी चाळली होती. अक्षर देवनागरी होते, रचना ओवीची होती आणि भाषा मराठी होती. तेवढे मला कळले. परंतु जुने जैन शास्त्र मराठीत असू शकते, हे मात्र मला ठाऊक नव्हते. शास्त्र म्हणजे संस्कृत नाहीतर प्राकृत, अशी माझी समजूत. म्हणून, हे कोणीतरी हौसेने उतरून घेतलेले बाड असावे, असे मी मानले. ती पोथी कसरीने अर्धीच नेली होती, उरलेली अर्धी माझ्या अज्ञानाने नेली. आज त्या ग्रंथाचे नावसुद्धा मला सांगता येत नाही.

हे अज्ञान माझ्या एकट्याचे नव्हते आणि आजही ते पुरते गेलेले नाही. मराठी वाङ्मयाची थोरवी सांगताना आपण ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ, तुकाराम यांची नावे आदराने घेतो. महानुभावांच्या गद्याचा गौरव करतो. पण गुणकीर्ती, मेघराज, कामराज, सूरिजन, जिनदास, महीचंद्र ही नावे आपल्यापैकी किती जणांनी ऐकली आहेत? हे सारे मराठी कवी होते, आणि हे सारे आपले होते.

पैठण ते मान्यखेट

ही परंपरा समजून घ्यावयाची तर मराठीच्याही मागे जावे लागते. गोदाकाठचे प्रतिष्ठान, म्हणजे आपले पैठण, ही सातवाहनांची राजधानी. या भूमीच्या नावाने ओळखली जाणारी महाराष्ट्री प्राकृत पुढे साऱ्या भारतात काव्याची भाषा म्हणून मान्यता पावली. जैन आचार्यांनी आपल्या कथा आणि चरित्रे ज्या भाषेत लिहिली, तिला अभ्यासक ‘जैन महाराष्ट्री’ असेच म्हणतात. विमलसूरींचे ‘पउमचरिय’ ही प्राकृतातील सर्वांत जुनी जैन रामकथा याच भाषेतील आहे.

पैठणशी निगडित एक पारंपरिक कथा आपल्यापैकी अनेकांना परिचित असेल. कालकाचार्य तेथे आले असता भाद्रपद शुद्ध पंचमीस संवत्सरी येत होती, आणि त्याच दिवशी नगरात इंद्रमहोत्सव होता. राजाने विनंती केली, की संवत्सरी एक दिवस पुढे ढकलावी. आचार्यांनी सांगितले, ‘पुढे नेता येणार नाही, अलीकडे घेता येईल.’ तेव्हापासून चतुर्थीची संवत्सरी रूढ झाली, असे परंपरा सांगते. तिथीच्या वादात मला आज शिरावयाचे नाही. मला या कथेत दिसते ती आचार्यांची वृत्ती. व्रताला बाध येऊ न देता लोकांच्या जवळ जाण्याची वाट त्यांनी शोधली. आपल्या साहित्याची सारी वाटचाल याच वृत्तीने झालेली आहे.

दहाव्या शतकात राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेड, येथे महाकवी पुष्पदंत होऊन गेले. शैव ब्राह्मण कुळात जन्मलेल्या आणि जैनधर्म स्वीकारलेल्या या मानी कवीला तिसऱ्या कृष्णाचा मंत्री भरत याने आश्रय दिला. त्यांनी ‘महापुराण’ हा प्रचंड ग्रंथ ९५९ मध्ये आरंभिला आणि ९६५ मध्ये पूर्ण केला. तो संस्कृतात नाही, तर अपभ्रंशात आहे. आपल्या धाराशिवची लेणी सर्वांना माहीत आहेत. त्या परिसराचे आणि तेथील पार्श्वनाथ प्रतिमेचे वर्णन कनकामर मुनींच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात येते. श्रवणबेळगोळ येथे भगवान बाहुबलींच्या चरणांपाशी कन्नडबरोबर मराठीतही लेख कोरलेला आहे. त्याच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, तथापि मराठीच्या अगदी जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते, यात शंका नाही. कन्नड मुलखात, प्रभूंच्या पायाशी मराठी अक्षरे कोरली गेली, कारण तेथे येणाऱ्या यात्रेकरूंची ती भाषा होती.

कारंजाची पीठे आणि मराठीचा स्वीकार

प्रत्यक्ष मराठी जैन ग्रंथरचनेचा विस्तार पंधराव्या शतकापासून दिसतो. विदर्भातील कारंजा हे त्याचे एक महत्त्वाचे केंद्र होते. तेथील सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही परंपरांची मंदिरे आणि त्यांचे ग्रंथभांडार प्रसिद्ध आहेत. भट्टारक आणि त्यांचे ब्रह्मचारी शिष्य गावोगाव विहार करीत, चातुर्मासात ग्रंथ वाचून दाखवीत आणि गरज पडे तेथे नवा ग्रंथ रचीत.

या परंपरेच्या आरंभी ब्रह्म गुणदासांचे नाव येते. त्यांनी मराठीत ‘श्रेणिकचरित्र’ रचले. पुढे मुनिदीक्षेनंतर तेच गुणकीर्ती झाले, असे अभ्यासक मानतात. गुणकीर्तींच्या ‘पद्मपुराणा’त जैन परंपरेतील रामकथा मराठी ओवीत उतरली, आणि तीही एकनाथांच्या ‘भावार्थरामायणा’च्या आधी. त्यांचा ‘धर्मामृत’ हा ग्रंथ तर गद्यात आहे. श्रावकाने काय करावे, काय टाळावे, कोणत्या देवास भजावे आणि कोणत्या समजुती सोडाव्यात, हे त्यांनी घरगुती मराठीत सांगितले आहे. पंधराव्या शतकातील मराठी गद्य म्हणून वाङ्मयाच्या इतिहासात त्याचे मोल मोठे आहे.

येथे एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्यावी. यांतील काही कवींची गुरुपरंपरा गुजरातेतील होती. कारंजाचे बघेरवाल मूळचे राजस्थानातून आलेले. हुंबड कुटुंबे गुजरातेतून आलेली. दक्षिणेकडील चतुर्थ आणि पंचम यांच्या अनेक घरांत कन्नड बोलली जाई. म्हणजे जे मराठीत लिहीत आणि ऐकत होते, त्यांतील कित्येकांच्या घरची मूळ बोली निराळी होती. जुन्या मराठी जैन काव्यात गुजराती शब्द आणि रूपे सहज आढळतात, त्याचे कारण हेच. ‘रास’ आणि ‘फाग’ हे रचनाप्रकारही गुजरातीच्या शेजारातून आले आणि मराठी ओवीच्या पंक्तीस बसले. आपण या भाषेत पाहुणे आहोत असे या मंडळींना वाटले नाही. ज्या भूमीत राहावयाचे, तिच्या भाषेत धर्म सांगावयाचा, हे त्यांनी कर्तव्य मानले.

विषय कोणते?

या साहित्याचे विषय स्थूलमानाने तीन प्रकारचे आहेत. पहिला प्रकार पुराणांचा. पद्मपुराण, आदिपुराण, हरिवंशपुराण हे ग्रंथ त्यात येतात. महीचंद्रांनी ‘आदिपुराण’ रचले. जिनदासांचे ‘हरिवंशपुराण’ त्यांच्या हातून अपुरे राहिले आणि पुण्यसागरांनी ते पूर्ण केले. एका कवीने अर्धवट सोडलेले काम दुसऱ्याने आपले मानून तडीस नेले, ही गोष्ट संस्था चालविणाऱ्या सर्वांनीच मनात ठेवावी अशी आहे. हरिवंशात श्रीकृष्ण आणि भगवान नेमिनाथ हे चुलत बंधू. विवाहाच्या मिरवणुकीत, मेजवानीसाठी कोंडलेल्या प्राण्यांचा आक्रोश ऐकून नेमिकुमार रथ मागे फिरवितात, हा प्रसंग मराठी श्रोत्यांनी आपल्या भाषेत ऐकला.

दुसरा प्रकार चरित्रकथांचा आणि रूपकांचा. कामराजांनी ‘सुदर्शनचरित्र’ लिहिले. सूरिजनांच्या ‘परमहंसकथे’त आत्मा हाच राजा आहे आणि त्याच्या अंतरंगातील झगडा ही राज्यातील लढाई आहे. तत्त्वज्ञान समजावयास अवघड म्हणून त्यास कथेचे रूप दिले, आणि कथा तर घरातल्या लहान मुलासही कळते.

तिसरा प्रकार व्रतकथा, आरत्या आणि पदे यांचा. हा सर्वांत जिव्हाळ्याचा, कारण तो प्रामुख्याने श्राविकांनी जपला. भाद्रपद शुद्ध दशमीस आपण धूप खेवतो. त्या सुगंधदशमीची कथा जिनसागरांनी मराठीत सांगितली आहे. मुनींना कडू भोपळ्याचा आहार देणारी राणी दुर्गंधाचे दुःख भोगते, आणि पुढील जन्मी तीच सावत्र आईचा छळ सोसणारी तिलकमती होते. विवाहाच्या रात्री सावत्र आई तिला स्मशानात नेऊन बसविते आणि राजा तेथे तिला वरतो. पुढे डोळे बांधून पाय धुताना केवळ पायांच्या स्पर्शावरून ती आपला पती ओळखते. अशी गोष्ट आपल्या आजीने सांगितली असती, तर आपण ती परीकथा म्हणून ऐकली असती. डॉ. हिरालाल जैन यांनी १९६६ मध्ये ही कथा अपभ्रंश, संस्कृत, गुजराती, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषांतील रूपांसह संपादित केली, आणि मराठी कथेच्या सचित्र पोथीतील चित्रेही त्यात छापली. एका व्रतामागे पाच भाषांचा प्रवास उभा आहे, हे धूप खेवताना आपल्या ध्यानात असते काय?

पिठाचा कोंबडा

आता एकाच कथेकडे थोडे बारकाईने पाहू. ती यशोधराची कथा. उज्जयिनीच्या यशोधर राजाला राणीच्या व्यभिचाराने वैराग्य येते. आपल्याला अशुभ स्वप्न पडले, असे तो आईस सांगतो. आई म्हणते, देवीला पशूचा बळी दे, म्हणजे अरिष्ट टळेल. राजा नकार देतो. तेव्हा आई तोड काढते, की निदान पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दे. आईच्या आग्रहाखातर राजा ते मान्य करतो. पिठाच्या कोंबड्यात जीव नाही, रक्त सांडले नाही. तरीही माता-पुत्र अनेक जन्म पशुयोनीत फिरतात, मोर होतात, श्वान होतात, शेवटी कोंबडे होतात. कारण शस्त्र पिठावर चालले, तरी मनातला संकल्प वधाचा होता. अखेर मनुष्यजन्म मिळाल्यावर अभयरुची आणि अभयमती या भावंडांच्या रूपाने ते बळी देण्यासाठीच देवीपुढे आणले जातात, आणि आपली जन्मकथा सांगून मारिदत्त राजाला हिंसेपासून परावृत्त करतात.

ही कथा आपल्या भूभागात किती वेळा सांगितली गेली, पाहा. सोमदेवसूरींनी ९५९ मध्ये ती संस्कृतात ‘यशस्तिलक’ म्हणून लिहिली. थोड्याच वर्षांत पुष्पदंतांनी ती अपभ्रंशात ‘जसहरचरिउ’ म्हणून गायिली. १२०९ मध्ये जन्न कवीने ती कन्नडात आणली. आणि सोळाव्या शतकाच्या सुमारास मेघराजांनी ‘जसोधर रास’ व नागो आया यांनी ‘यशोधरचरित्र’ रचून ती मराठीत आणली. एकच कथा पुनःपुन्हा का सांगावी लागली? कारण या मुलखात नवसाला कोंबडा-बकरा देण्याची चाल घराघरांत होती. शेजारच्या घरात नवस फेडला जात असे, आणि आपल्याही घरातील कोणी आजारी पडले की मन डळमळत असे. ‘खरा नको, पिठाचा चालेल’ ही तोड तर प्रत्येक काळातील माणसाला सुचते. त्या माणसाला संस्कृत येत नव्हते. त्याला मराठीतच सांगणे प्राप्त होते, की हिंसा हातात नसते, आधी मनात असते. हे साहित्य विद्वत्तेच्या प्रदर्शनासाठी निर्माण झाले नाही. कोणाच्या तरी घरातील अडचणीच्या वेळी ते उपयोगी पडावे, म्हणून निर्माण झाले.

पूजा आणि वाचन

एकोणिसाव्या शतकात छपाई आली, तेव्हा शास्त्र यंत्रावर छापावे की नाही, यावरून समाजात मोठा विरोध झाला. त्या विरोधाला तोंड देऊन सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांनी ‘जैन बोधक’ हे मराठी नियतकालिक काढले. कोल्हापूरचे पंडित कल्लाप्पा भरमाप्पा निटवे यांनी महापुराण मराठीत आणले. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने ‘प्रगति आणि जिनविजय’च्या द्वारे समाजाला मराठीत लिहिते केले. नगर जिल्ह्यातील चिचोंडीत जन्मलेले आचार्य आनंदऋषीजी महाराज यांनी पाथर्डीच्या धार्मिक परीक्षा बोर्डाद्वारे घराघरांतील मुलांना अभ्यासास बसविले.

जुन्या मराठी ग्रंथांचा शोध मात्र त्यानंतरचा. डॉ. विद्याधर जोहरापूरकर यांनी १९५८ मध्ये ‘भट्टारक संप्रदाय’ प्रसिद्ध करून या परंपरेचा पट उलगडला, आणि गुणकीर्तींचे ‘धर्मामृत’ संपादित केले. डॉ. सुभाषचंद्र अक्कोळे यांनी ‘प्राचीन मराठी जैन साहित्य’ हा प्रबंध १९६८ मध्ये ग्रंथरूपाने दिला. सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने यांतील अनेक ग्रंथांस छापील रूप दिले. आज मी येथे जी नावे घेतली, ती या मंडळींनी वेष्टने सोडून धूळ झटकली, म्हणूनच मला घेता आली.

या संदर्भात मूडबिद्रीचे उदाहरण विसरता येत नाही. षट्खंडागमावरील ‘धवला’ टीकेच्या ताडपत्री प्रती तेथे शतकानुशतके जपल्या गेल्या. यात्रेकरू त्यांचे दर्शन घेत, पूजा करीत. त्यांचे वाचन मात्र खुंटले होते. हिराचंद नेमचंद यांच्यासारख्यांनी प्रतिलिपी करविण्यास पुढाकार घेतला, आणि पुढे डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली पहिला खंड १९३९ मध्ये आपल्या अमरावतीहून प्रसिद्ध झाला. सोळावा खंड येईपर्यंत १९५८ साल उजाडले. मूडबिद्रीच्या भाविकांनी ग्रंथ जपला, हे त्यांचे उपकार आहेत. पण तो जगाला मिळाला तो वाचणाऱ्यांमुळे. पूजेने पोथी टिकते, वाचनाने ग्रंथ टिकतो. दोन्ही हवीत.

आपण काय करावे?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच निर्णयात प्राकृतालाही तो मिळाला. मराठी ही आपली लोकभाषा, प्राकृत ही आपली आगमभाषा. दोन्हींचा सन्मान एकाच दिवशी झाला, असा योग आपल्याइतका दुसऱ्या कोणत्या समाजास लाभला असेल? परंतु सन्मान शासन देऊ शकते, वाचक मात्र घरातूनच यावा लागतो. आज आपल्या स्वाध्यायात हिंदी आणि गुजराती पुस्तके असतात. ती असावीतच, ज्ञानाला भाषेची अट नाही. पण मराठी शाळेत शिकणाऱ्या, मराठीत विचार करणाऱ्या आपल्या नातवंडांना यशोधराची कथा त्यांच्या भाषेत मिळत नसेल, तर गुणकीर्तींनी जे काम हाती घेतले होते, ते आपण मध्येच सोडले असे होईल.

म्हणून विश्वस्त मंडळासमोर नम्रपणे तीन सूचना ठेवतो. पहिली, मंदिरातील आणि सभासदांच्या घरांतील हस्तलिखितांची यादी करावी. ग्रंथाचे नाव, भाषा आणि पानांची संख्या एवढे टिपले तरी आरंभ होईल. प्रत्येक पोथीचे शेवटचे पान अवश्य पाहावे. तेथील प्रशस्तीत कोणी लिहिले, कोठे लिहिले, कोणत्या श्राविकेने व्रताच्या उद्यापनास शास्त्रदान केले, हे अनेकदा नोंदविलेले असते. आपल्याच पणजीचे नाव तेथे निघू शकेल. दुसरी, ज्येष्ठ शुद्ध पंचमीची श्रुतपंचमी आणि कार्तिक शुद्ध पंचमीची ज्ञानपंचमी या दिवशी पोथ्यांची केवळ पूजा न करता वेष्टने सोडावीत, पानांची छायाचित्रे घ्यावीत आणि निदान चार ओव्या सर्वांसमोर मोठ्याने वाचाव्यात. तिसरी, पाठशाळेत वर्षातून एक जुनी मराठी कथा मुलांकडून वाचून घ्यावी. आणि एक विनंती प्रत्येक घरास. जीर्ण पोथी पाण्यात सोडण्याआधी ती एकदा कोणास तरी दाखवा. त्या रिवाजामागे शास्त्राची आशातना होऊ नये ही भावना आहे, ती मी जाणतो. पण न वाचता विसर्जन करणे यासारखी दुसरी आशातना नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

माझ्या आजोबांनी ती पोथी पेटीत जपून ठेवली होती. ती त्यांनी कधी कोणास वाचून दाखविली होती काय, हे विचारावयास आता कोणी उरले नाही. ती पोथी परत येणार नाही. परंतु आपल्यापैकी कोणाच्या तरी माळ्यावर, कोणाच्या तरी देवघरातील फडताळात असेच एखादे लाल वेष्टन आज असेल. सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षात ते एक जरी सोडले गेले आणि आतील मराठी ओवी पुन्हा कोणाच्या कानी पडली, तर या व्याख्यानाचे सार्थक झाले असे मी समजेन.

बोलण्यात काही न्यून राहिले असेल, कोणाचे मन दुखावले असेल, तर मिच्छा मि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!